मुनीचा गुडघा बरा झालाय, अण्णा

प्रिय अण्णा,

मुनीचा गुडघा बरा झालाय. गुरुवारी क्लबातला नारायणप्पा सांगून गेला. मैदानाला तीन फेऱ्या मारल्या म्हणे, एकदाही लंगडला नाही. आणि कोलारच्या खाणींकडचा एक गोलकीपर आपल्या क्लबात यायला तयार झालाय, सहा फूट उंच! हे ऐकलं आणि मी तशीच आत वळले, तुला सांगायला. मधल्या दारापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं.

चार महिने होऊन गेले रे. तेराव्याला मी रडले नाही, संक्रांतीला नाही, युगादीला तुझा पाट मांडला नाही तेव्हाही नाही. आणि मुनीच्या गुडघ्याने रडवलं! दाराची चौकट धरून उभी होते कितीतरी वेळ. फुटबॉलमधलं काही कळलं की ते घेऊन कुठे जायचं, तेच मला माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले, तुझ्या मिलच्या वहीतली मागची कोरी पानं काढून. शिवाय काल मी मैदानावर जाऊन आले आणि तुझ्यावर रागावले आहे. तो राग तरी दुसऱ्या कुणाला सांगू?

तुला आठवतं, मी धारवाडहून कायमची परत आले तेव्हा? तेवीस वर्षांची होते. कपाळ पुसलेलं, आणि तोंड शिवल्यासारखी गप्प. वहिनी जेवायला वाढायच्या, मी भाताशी बोटं खेळवून उठायचे. दोन महिने मी एक शब्द बोलले नव्हते. मग एका रविवारी तू क्लबाच्या फाटक्या जर्सींचं गाठोडं माझ्यापुढे टाकलंस. "एवढ्या शिवून दे, सरू. आपण शिंपी ना? आणि मी त्यांचा सेक्रेटरी! लोक हसतात." मी सुई घेतली. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलास आणि, मी विचारलं नसताना, त्या दिवसाचा सामना सांगायला लागलास.

तेव्हा निम्मे लोक अनवाणीच खेळायचे. तू सांगत होतास, आपला एक जण चिखलातून चेंडू काढून पळतोय, समोर दोघं बूटवाले आडवे आलेत, आणि तू मध्येच थांबलास पाणी प्यायला.

"मग चेंडू कुणाकडे गेला?" मी विचारलं.

तू भांडं खाली ठेवलंस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालास, "लेफ्ट आउटकडे." चुलीपाशी वहिनींनी पदराने डोळे पुसले, ते मात्र मी पाहिलं.

त्यानंतर पंधरा वर्षं! एकही सामना न पाहता मी आपल्या पोरांना ओळखत होते. कोण उजवीकडे झुकून पळतो, कुणाला हेड मारताना डोळे मिटायची खोड आहे, कोण रेफरीशी भांडतो. जर्सी कुठे फाटलीय त्यावरून मी सांगायची, हा आज ओढला गेला. तू हसायचास.

पण खरी मजा सीझन संपल्यावर. सगळं गाव फुटबॉल विसरलेलं, आणि आपण दोघं पुढच्या खोलीत सूप घेऊन अवरेकाळूच्या शेंगा सोलायला बसलेलो. सालं तुझ्या बाजूला, दाणे माझ्या बाजूला, आणि मध्ये पुढच्या वर्षीचा संघ. "हा हाफ बॅक आणखी तयार होईल बघ." "तो नवीन पोरगा आला की पुढची फळी भक्कम." दर वर्षी तुझं एकच वाक्य, "या खेपेला फर्स्ट डिव्हिजन, सरू." दर वर्षी आपण सेकंड डिव्हिजनमध्ये. कधी सातवे, कधी आठवे. तरी पुढच्या थंडीत तू ते वाक्य असं म्हणायचास, जसं काही पहिल्यांदाच सुचलंय. आणि मी प्रत्येक वेळी विश्वास ठेवायची! मला दुसरं काय होतं रे वाट बघायला?

चांगला खेळणारा एखादा मध्येच गायब झाला की मी विचारायची, तो कुठे गेला? तू म्हणायचास, गावी गेला. किती जण गावी गेले, अण्णा! मला वाटायचं, मैसूर राज्यातल्या गावागावांत आपलेच सेंटर फॉरवर्ड शेती करताहेत.

एकदाच मी म्हटलं होतं, मला ने ना मैदानावर. तू म्हणालास, "तिथे बायका येत नाहीत गं." मी पुन्हा विचारलं नाही. तूही पुन्हा म्हणाला नाहीस. न्यायला हवं होतंस मला. लोक चार दिवस बोलले असते आणि गप्प बसले असते.

तू गेल्यावर घरात फुटबॉलचा एक शब्द उरला नाही. एकदा न राहवून शेजारच्या रुक्कम्मांना म्हटलं, यंदा आमच्या क्लबात नवीन माणसं येणार म्हणताहेत. "अय्यो, फुटबॉल?" म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मला ताप चढलाय. वहिनींपाशी तर बोलायची सोयच नव्हती. तुझं नाव निघालं तरी त्या उठून परसात जातात. शेवटच्या सामन्यात भिजून आलास तेव्हापासूनचा तो खोकलाच तुला घेऊन गेला, असं त्यांच्या मनात आहे. आम्ही दोघी दिवसभरात दहा वाक्यं बोलतो. दूध आलं का. दार लावा. तेवढंच.

गुरुवारी नारायणप्पा दारात उभं राहूनच बोलला. जाताना चाचरत म्हणाला, "अक्का, लीगमध्ये नाव द्यायचं की नाही ते या आठवड्यात ठरवायचं आहे. अजून नऊच जण आहेत." मी विचारलं, सराव कुठे असतो? त्याने जागा सांगितली, आणि मी येईन असं त्याला वाटलंही नसेल.

काल पाचच्या सुमाराला मी निघाले. वहिनींना "येते" एवढंच सांगितलं. यशवंतपूरला रूळ ओलांडले, मिरच्यांच्या वखारीमागून गेले, ठसका लागून डोळ्यांना पाणी आलं, आणि ते मैदान! अण्णा, ते असं आहे? गवताची एक काडी नाही. एका बाजूचा गोल म्हणजे दोन बांबू. म्हशी मधून चाललेल्या. तू सांगायचास तेव्हा मला केवढं मोठं दिसायचं ते!

होंगेच्या झाडाखाली उभी राहिले. नऊ माणसं. दोघं कामावरून थेट आलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण मुनी मी पाहताक्षणी ओळखला. उजवा खांदा पुढे काढून पळतो, अगदी तू सांगितलंस तसा. चेंडू घेऊन एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि बांबूंच्या मधून असा मारला की मी ओरडले. होय, ओरडले! नऊच्या नऊ जणांनी वळून पाहिलं. मी पदर सावरून झाडाकडे तोंड केलं.

नारायणप्पा घाम पुसत आला. त्याला आनंद झाला होता, बसायला दगड झटकून दिला. मी म्हटलं, "मुनी असा खेळला तर या खेपेला वर जाऊ." तो हसला नाही.

"अक्का, तुम्हाला तर माहीत असेल," तो कानडीत म्हणाला. "अण्णांनी गेल्याच वर्षी सांगितलं होतं, क्लब बंद करा म्हणून."

"कुणी?"

"आपल्या अण्णांनी. दोन वर्षं मीटिंगमध्ये तेच म्हणत होते. पोरं आपण तयार करायची आणि कारखान्यांनी नोकरी देऊन न्यायची, असं किती दिवस चालणार? हा क्लब कधी वर जाणार नाही नारायणप्पा, मानाने मिटवू या, असं."

मी म्हटलं, "मग मिटवला का नाही?"

"एका मताने वाचला. अण्णांचं मत बंद करायच्या बाजूने होतं. मोजणी झाली तेव्हा हसले आणि म्हणाले, बरं झालं, घरी जाऊन सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं." मग त्याने मला विचारलं, "तुम्हीच सांगा अक्का, देऊ का नाव?"

मी चालू लागले. तो "स्वल्प थांबा अक्का, वखारीपर्यंत सोडतो" म्हणत होता, मी थांबले नाही. एकटीच परत आले. रस्ताभर तुझ्याशी भांडत होते. दोन वर्षं! त्या दोन्ही थंड्यांत तू माझ्यासमोर बसून शेंगा सोलल्यास. फर्स्ट डिव्हिजन, सरू! लहान पोराला चांदोबा दाखवतात तसं मला दाखवत होतास? अडतीस वर्षांची बाई मी. म्हणजे गावी कुणीच गेलं नव्हतं. सगळे इथेच होते, आपल्याच शहरात, दुसऱ्यांच्या जर्सीत. खरं सांगितलं असतंस तर मी पुन्हा मुकी झाले असते, असं वाटलं तुला?

घरी आले तर वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कुठे गेला होता वन्सं?"

"मैदानावर." आता काय व्हायचं ते होवो, म्हणून मी तिथेच भिंतीला टेकून बसले. "वहिनी, अण्णाला क्लब बंद करायचा होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांचा हात थांबला. "होतं. रोज सकाळी बंब पेटवताना तेच ऐकवायचे. संपलं सगळं म्हणायचे. आणि सरूला कळू देऊ नकोस."

"मग मला खोटं का सांगायचा तो?"

"मीही विचारलं होतं एकदा." वहिनी सुपातल्या तांदळाकडे बघत बोलत होत्या. "तर म्हणाले, खोटं नाही गं. सकाळी तुझ्यापाशी बसतो तेव्हा मला सगळं दिसतं. पण संध्याकाळी तिच्यासमोर बसलो, ती एकेकाचं नाव घेऊन विचारायला लागली, की मला खरंच वाटायला लागतं, या खेपेला जाऊ."

मग वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "तुम्ही दोघं पुढच्या खोलीत हसत असायचात. मी आत ऐकत असायची. माझ्या वाटणीला नुसतं रडगाणं आलं. माझ्यापाशी कधी बोलले नाहीत असं हसून."

अण्णा, पंधरा वर्षं त्या मधल्या भिंतीपलीकडे होत्या. आपण कधी हाक मारली नाही त्यांना. तू मारली नाहीस आणि मलाही सुचलं नाही. मला वाटायचं, तू त्यांचा नवरा, तुझ्यातलं सगळं चांगलं त्यांच्याकडेच असणार. माझ्याकडे आपला फुटबॉल. आणि त्या आत बसून नेमकं उलटं समजत होत्या. मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले. त्या समोर बसून राहिल्या, उठून परसात गेल्या नाहीत.

आज सकाळी नारायणप्पाकडे निरोप पाठवला, नाव द्या म्हणून. दुपारी त्याचं होकाराचं उत्तर आलं. "सरी अक्का, दिलं."

आता यंदाचं सांगते, जसं आहे तसं. राइट बॅक सुस्त आहे, वळायला त्याला बैलगाडीएवढा वेळ लागतो. नवाचे अकरा अजून व्हायचे आहेत. कोलारचा गोलकीपर कुणी पाहिलेला नाही, त्याची उंचीही ऐकीवच. मुनी डाव्या पायाने मारत नाही, मी नीट पाहिलं. आणि तो चांगला खेळला तर पावसाळा संपायच्या आत एखादा कारखाना त्याला नेईल, हेही आता मला कळतं. शेवटच्या नंबरावर जाऊ शकतो आपण.

तरी मला वाटतं, जाऊ वर. तुला तसं वाटायला समोर मी लागायचे. माझ्यासमोर आज कुणीही नाही, पुढच्या खोलीत मी एकटी बसले आहे, आणि तरी वाटतंय. याला काय म्हणायचं ते तूच सांग!

तुझ्यावरचा राग लिहिता लिहिता निम्मा गेला. निम्मा राहू दे, तो माझा आहे.

एक वचन देते. पहिल्या सामन्याला मी जाणार, त्या झाडाखाली उभी राहणार, लोक काय बघायचं ते बघोत. आणि घरी येऊन वहिनींना सगळा सामना सांगणार, पहिल्या शिट्टीपासून. जिंकलो तर जिंकलो, आणि हरलो तर हरलो असंच सांगेन. कुणी सोडून गेला तर गावी गेला म्हणणार नाही.

तुझी,
सरू