बसलं की

८ जून २००३
अण्णांकडं गेलतो. एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेत, आता घरामागच्या पत्र्याच्या खोलीत खेळण्यातली वाफेची इंजिनं करतात. लेथ विलायती, बारकं, माझ्या बापापेक्षा जुनं. अण्णांचा हात थरथरतो. परवा लोखंड धरणाऱ्या चकच्या फिरत्या जबड्यानं अंगठा सोलला. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "ते बिनजबड्याचं काय असतंय ते बसव बाबा. एक दिवस बोटं जातील ह्यांची."
कॉलेट म्हणायचं हाय त्यांना. चिरा पाडलेली नळी. नट आवळला की जॉबला गच्च धरती, बाहेर लागायला काय न्हाय. नवीन परवडत न्हाय. भंगारातनं बघतो. ती धरून लेथच्या स्पिंडलवर, फिरत्या दांड्यावर, चढवायचं होल्डर मीच करणार.
चंदगड सोडून तीन वर्सं झाली, इथल्या मशीन शॉपात अजून हेल्परच. अण्णा म्हणाले, नीट झालं तर भाच्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून लावतो.

१४ जून
कॉलेट मिळाली. सात. गंज काढला.
स्पिंडलचे आटे कसले, विचारलं. अण्णा: "आट्यापासनं आटा एक सूत." सूत म्हणजे तीन एमएम, सगळं मार्केट तसंच म्हणतंय. जेवणाच्या सुट्टीत शॉपातल्या मशीनवर होल्डरला आटे पाडले. बापू मिस्त्री: "काय रं काजू, लग्नाची अंगठी व्हय?" चंदगडला काजू पिकतो म्हणून मी काजू. हसू दे.

१७ जून
अडीच फेरे गेलं आणि तटलं. पान्यानं ताणलं. न्हाय. स्पिंडलच्या खांद्याला टेकायला पाहिजे, तर मधी बोटभर फट. अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू.
"बसलं काय रं?"
"बसलं की."
तोंडातनं गेलंच. पालिश राहिलंय म्हणून काढून आणलं.

१९ जून
फटीत पितळी रिंग घातली. आता टेकतंय. दिसायला एकदम कंपनीचं. अण्णांनी रिंगवरनं अंगठा फिरवला. "ही कशाला?"
"शोभेला."
खूष. अक्कांनी शेंगांच्या पोळ्या वाढल्या. दोन खाल्ल्या. तिसरी गेली न्हाय.

२६ जून
शॉपात बापू मिस्त्री दुसऱ्याच हेल्परवर ओरडत होते. "सूत म्हणजे तीन न्हवं रं! इंचाचा आठवा भाग. तीनच्या वर थोडं. तेवढं थोडं दर आट्याला साठत जातंय, मग तटतंय!"
मी झाडत होतो. झाडू थांबला.
म्हणजे अण्णांचं बसलेलं न्हाय. अडकलंय. अडीच आट्यावर.

२८ जून
गेलतो. लेथ चालू. आवाज गोड. रिंगपाशी ग्रीस चमकत होतं. बोटावर घेतलं. लोखंडाचा चुरा. आटे झिजायला लागलेत. सुटलं तर फिरतं होल्डर उडून अंगावर येणार.
"अण्णा, एक दिवस काढून द्या."
"चालतंय ते कशाला काढतोस लेका? भाच्याला चिठ्ठी धाडलीया. पोराचा हात सोन्याचा म्हणून."
सांगायचं होतं. त्या चिठ्ठीनं तोंड शिवलं.
आधी हातभर लांब उभं राहायचे. आता जबडे न्हाईत म्हणून तोंड पार मशीनला लावून बघतात.

३ जुलै
नवं होल्डर केलं. इंचाच्या हिशेबानं, मिस्त्रींना विचारून गिअर लावलं. त्यांनी कोणाचं हाय ते विचारलं न्हाय.
तेवढ्यात घरनं निरोप. रोप लावायला माणूस न्हाय, आजच नीघ. होल्डर पिशवीत टाकलं. स्टँडवर जाताना अण्णांच्या गल्लीवरनंच गेलो. मशीनचा आवाज येत होता. गाडीची वेळ झालती म्हणून थांबलो न्हाय.
वेळ झाली नव्हती.

७ जुलै
चार दिवस गुडघाभर चिखल. झोप न्हाय. साडेअकराला चंदगडात येऊन बूथवरनं फोन लावला.
अक्का: "तुझंच नाव असतंय ह्यांच्या तोंडात. आज इंजिनाचं मोठं चाक मशीनला लावणार म्हणे. दोनला लाईट आली की. कालपास्नं कायतरी टकटक वाजतंय म्हणत होते, आल्यावर बघ."
"अक्का, मशीन लावू देऊ नका! ते बसलं न्हाय!"
"आँ? खरखर येतीया. बस न्हाय? मग उद्या ये की. एवढं ओरडतोस कशाला?"
लाईन गेली. परत लागंना. समोर गाडी सुटत होती, चढलो.

गडहिंग्लज. दीड वाजलाय. ड्रायव्हर चहाला उतरलाय. पिशवी मांडीवर, जड. नवं तरी बसतंय का, ते तिथं गेल्याशिवाय कळणार न्हाय.
समोर बूथ हाय. आत एकच बाई, तिचं बोलणं संपत न्हाय. म्हणायचं काय ते आधी लिहून घेतो. 'बसलं' हा शब्दच घ्यायचा न्हाय.
अण्णा, मशीन लावू नका. रिंग शोभेला नव्हती. मी