आखणी चालू असताना

बाबा, तुमच्या हातांना आई पट्ट्या बांधायची ते मला अजून नीट आठवतं. धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट करून तुम्ही रोह्याच्या खोलीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचात. आई अंगठ्यापासून सुरुवात करायची, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, एकही सुरकुती पडू न देता. तशा पट्ट्या कंपनीच्या बॉक्सिंग संघात कोणालाच बांधता येत नाहीत, असं तुम्हीच सांगायचात. आदल्या दिवशी घरात भांडी आपटली गेली असली तरी तिचा वेढा चुकला नाही. तेवढा वेळ तुम्ही दोघं गप्प असायचात आणि मी निवांत अभ्यास करायचे.

तुम्ही राज्यात पहिले आलात तेव्हा सत्काराच्या शाली इतक्या जमल्या की आईने त्यातल्या दोन गोधडीत घातल्या. त्यावरून आठवडाभर अबोला. पण खरा वाद पेणचा होता. दर वर्षी गणपतीआधी आई माहेरी जायची, मामाच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला. चॅम्पियनच्या बायकोने रंगाच्या वाट्या घेऊन बसावं हे तुम्हाला लागायचं. गिऱ्हाइकं तिच्याच हातचे डोळे मागतात, हे त्याहून जास्त लागत असावं. त्या वर्षी ती पिशवी भरत होती आणि तुम्ही तिचं उजवं मनगट पिरगळलंत. मी समोर भाकरी खात होते. मला तेव्हा तुमचा राग आला होता. अजूनही येतो.

आई मला घेऊन पेणला आली आणि तिचा तो हात थरथरायला लागला. मामाने तिला पितांबरं रंगवायला बसवलं, जे काम नवशिक्यांना देतात. तिने पिवळा रंग कालवला. रोज सकाळी ती तुमचीच एक जुनी पट्टी डाव्या हाताने मनगटाला गुंडाळायची, टोक मी धरायचे. महिनाभराने एका सकाळी तिने पट्टी सोडून ठेवली आणि डोळ्यांची बारीक कुंचली मागितली.

नेमके त्याच दुपारी तुम्ही आलात. कारखान्याच्या बाहेर, मूर्तींच्या रिकाम्या पाटांपाशी उभे. आत यायला तुम्हाला लाज वाटत होती, हे माझ्यासारख्या बारा वर्षांच्या मुलीलाही कळलं. तुम्ही म्हणालात, "जा गो, आईला विचार, रोह्याला येतेस का. नाय म्हणाली तर मी परत यायचा नाय."

मी आत गेले. आई आखणीला बसली होती. आखणी चालू असताना कोणी हाक मारत नाही, मामासुद्धा नाही, म्हणून मी तिच्या मागे उभी राहिले. तिचा हात स्थिर होता. एक डोळा झाला, दुसरा झाला. मी बाहेर आले आणि तुम्हाला सांगितलं, "नाय येत म्हणाली." तुम्ही फक्त "बरं हाय" म्हणालात आणि स्टँडकडे न वळता गडब गावाच्या रस्त्याने चालत निघालात. शब्दाचे पक्के होतात, परत आला नाहीत. तुम्ही वारल्याची तार आली तेव्हाही आई आखणीलाच बसली होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की कारखान्याचा शिरस्ताच तसा होता. पण दुसरा डोळा झाल्यावर आईने कुंचली खाली ठेवली होती, बाबा. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं, "काय गो?" असं विचारलंही. मी म्हटलं, काही नाही.

आता तिचा हात वयाने थरथरतो. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकदा न्यायला आले असते, तर गेले असते मी." मी तिच्या पुढ्यातली जुडी ओढून घेतली आणि निवडत बसले. हे तिला सांगायला हवं. सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.