पितळी पिन

प्रिय संगमेशअण्णा,

शरणू. इकडे सगळे ठीक. अव्वाचा गुडघा तसाच आहे. तळ्याचं पाणी यंदाही लवकर उतरलं. बोटीचे गिअर नवे बसवलेत. तू लातूरला गेल्यापासून अप्पाच फेऱ्या मारतात. काठावरचे लोक विचारतात, पोरगं कुठाय? अप्पा म्हणतात, शिकायला गेलंय.

तुला आठवत असेल, मागच्या उन्हाळ्यात बोटीच्या पाण्यातल्या पंख्याची पिन सारखी तुटायची. पंखा दगडाला लागला की इंजिन नुसतंच ओरडायचं आणि बोट जागेवर. तू पाण्यात उतरून नवी पितळी पिन घालायचास, आणि बोटीतले पाहुणे टाळ्या वाजवायचे. घरी आल्यावर अप्पा चिडवायचे, "पिन घालतोस का बत्तासा रे?" तू हसायचास, पण जेवायचास कमी.

मला ते बघवत नव्हतं. दुकानात पंप दुरुस्त करताना अप्पांनी आपल्याला एकच शिकवलं, आपल्या हातचं काम परत येता कामा नये. त्या रविवारी तू पेट्रोल आणायला गेलास तेव्हा मी दुकानातल्या पोलादी सळईचा तुकडा कापला, घासून मापाला आणला आणि पितळी पिनेच्या जागी बसवला. तुला सांगितलं नाही. पुन्हा तुटली नाही की तुला आपोआप कळेल, असं वाटलं.

तुटली नाहीच. दुपारी बोट दगडाला लागली आणि गिअरचे दात गेले. सहा माणसं तासभर उन्हात तळ्याच्या मधोमध. अप्पा सगळ्यांसमोर ओरडले, "डोळे हायत का बटनं? दगड दिसत न्हाई?" तू चावी ओट्यावर ठेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास.

दुसऱ्या दिवशी इंजिन मीच उघडलं. पोलादी पिन सरळच्या सरळ होती. पितळी पिन मऊ का असते, ते तेव्हा कळलं: ती तुटते म्हणून गिअर वाचतात. मी पोलादी पिन काढून खिशात घातली आणि तुझ्या जुन्या तुटक्या पिनांतली एक सुट्या भागांच्या ताटलीत ठेवली, जणू इंजिनात तीच होती. अप्पांनी ती पाहिली आणि मान हलवली. मी गप्प राहिले. त्याला अकरा महिने झाले.

परवा उदगीरहून सिद्धलिंग म्हणून एकांचा फोन आला. त्यांच्या तळ्यावर बोट चालवायला तू अर्ज केलास, हे आम्हाला तेव्हा कळलं. अप्पा त्यांना म्हणाले, "पोरगं कष्टाळू हाय, पण बोट दगडावर घालतंय." मी तिथंच उभी होते. फोन ठेवल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घरातली गोष्ट हाय शिवकन्या, बाहेर न्हेऊ नको." आज सकाळी मी सिद्धलिंगांना फोन केला आणि चूक माझी होती, हे सांगितलं. दोन दिवसांनी ते तुझ्याशी बोलतीलच. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या एसटीनं लातूरला निघालेल्या शेजारच्या मंजुश्रीच्या हाती पाठवते आहे. नोकरी मिळाली तर घे. घरी ये, असं मी म्हणत नाही. ते अप्पांनी म्हणायचं, आणि ते अजून म्हणाले नाहीत.

तुझीच,
शिवकन्या