ॲप खरं की वालाचा डबा?

४ नोव्हेंबर
मोबाईलने हिशेब ठेवायचा म्हणे! नात मृणाली सकाळी माझ्या फोनात ॲप घालून गेली. "आजी, भाकऱ्यांचे पैसे आले की लिही, गेले की लिही. बेरीज ते करतं."
मी म्हटलं, आजवर वालाचा डबा करतोच आहे की! गोडाऊनमधल्या पोरांना भाकऱ्या पुरवते, ते पैसे कडव्या वालात खुपसून ठेवते. वालात कोण हात घालतो?
शेवटी ठरलं — दोघांची परीक्षा! खरा निघेल त्याच्याकडे कारभार. चूक परवडायची नाही. स्कूटरचे पैसे आहेत ते!
हे तुला ठाऊक, वहीबाई, आणि सून निशाला. तिच्याच गाडीवर शिकते ना मी, गोडाऊनमागच्या मैदानात.

५ नोव्हेंबर
ह्यांना सांगायचं नाही. गेल्या वर्षी विषय काढला तर म्हणाले, "या वयात पडलीस त कोन उचलंल तुला?" विषय संपला. पण माझ्या मनातून गणेशपुरीचा रस्ता जाईना. बहीण चंद्रा तिथे. एकदा तिच्या दारात स्वतः गाडी नेऊन भोंगा वाजवायचाय!

९ नोव्हेंबर
ॲप म्हणतं, अकरा हजार चारशे. डब्यात अकरा हजार नऊशे! मृणालीला म्हटलं, तुझं ॲप गळकं गो.
"तूच लिहायला विसरलीस, आजी."
मी? दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा लिहिली आहे!

१२ नोव्हेंबर
पुन्हा डबाच पुढे! ॲप नापास.
"आजी, डबा काय पैसे वितो?"
"कडवे वाल आहेत, बाय. मोड येतात त्यांना!"
हसून हसून दोघींचं पोट दुखलं.

१४ नोव्हेंबर
आज मैदानात गाडीवर पाय न टेकता वळले! मीच ओरडले, कुत्री पळाली.

१६ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला होता. डबा वाजला. जाऊन बघते तर हे — कोपरापर्यंत हात वालात!
"चोर सापडला!" मी ओरडले.
हात बाहेर आला तो रिकामा. वालात पाचशेची कोरी नोट.
म्हणाले, "ॲपला शिव्या देऊ नको, त्याचा हिशेब बरोबर हाय. मैदानात बगलंय मी तुला. आता वळताना पाय टेकत न्हायस."
मग डब्याचं झाकण लावत, "मागं मी बसनार हाय. हळू चालव."