कर्मणी स्पीकर

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीने खोकं पाठवलंय. जड, चारी बाजूंनी 'नाजूक' छापलेलं. आत दोन स्पीकर. मागोमाग तिचा फोन – बाबांना विरंगुळा म्हणून. नाट्यगृहाने ज्याला सक्तीच्या विरंगुळ्यासाठीच घरी बसवलंय, त्याला आणखी थोडा विरंगुळा.

काय झालं ते इथे लिहून टाकते, म्हणजे कोणाशी बोलावं लागणार नाही. गेल्या महिन्यात नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात माइक शिट्टी मारायला लागला. नवरा नेहमीप्रमाणे आवाज सांभाळायला मिक्सरसमोर बसलेला. एक पट्टी बोटाने खाली ओढायची, एवढंच काम. शिट्टी चालूच. नटी वाक्य अर्ध्यावर टाकून थांबली. शेवटी पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर फार गोड बोलला – कान तपासून घ्या, रिपोर्ट आणा, खुर्ची तुमचीच आहे. फेब्रुवारीअखेरपर्यंत रिपोर्ट आला नाही तर मात्र खुर्ची दुसऱ्याची.

हा तपासायला जात नाही. 'जाऊ' म्हणतो. नुसतं क्रियापद. ना दिवस ना वार.

खोक्याकडे बघून म्हणाला, 'लावू.'

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोकं दारातच. आम्ही दोघं त्याला वळसा घालून जातो, जणू कोणी पाहुणा झोपलाय.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी मीच उघडलं. मी – जिला बल्ब बदलण्याआधी नातेवाइकांना कळवावंसं वाटतं!

थर्मोकोल घरभर. दोन काळे ठोकळे, पुढे गोल जाळ्या, पाठीमागे एक लाल आणि एक काळी खुंटी. वायरीचं वेटोळं. प्लग नाही. उलटेसुलटे करून पाहिले – नाहीच.

माहितीपत्रकात लिहिलंय : आकार 'बुकशेल्फ', प्रकार 'पॅसिव्ह'. त्यातला पहिला शब्द मला समजला, म्हणून पुस्तकं काढली. एका कप्प्यातली समीक्षा, दुसऱ्यातलं व्याकरण. समीक्षा पलंगाखाली गेली; तिची तक्रार नसावी. व्याकरण जेवणाच्या टेबलावर. रिकाम्या कप्प्यांत स्पीकर. वायरीचं एक टोक स्पीकरला लावलं. दुसरं टोक फोनला कुठे लावायचं हे मात्र कळेना. फोनला तसलं भोकच नाही.

हा आरामखुर्चीत बसून सगळं बघत होता. दाढी वाढलेली. दिवा लाव म्हटलं, तर म्हणाला, दिसतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य आला. आम्ही त्याला सर्वज्ञ म्हणतो – अर्थात त्याच्या माघारी. दात हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. खरा जीव स्पीकरांत. त्यामुळे दार उघडं दिसलं आणि आत आला.

मी तेव्हा वायरीवरचं प्लॅस्टिक दातांनी सोलत होते. त्याने आधी वायर काढून घेतली, मग दाढांची चौकशी केली, मग स्पीकरांकडे वळला. आणि लहान मुलाच्या पडलेल्या दाताकडे बघून हसावं तसा हसला.

"वहिनी, अ‍ॅम्प्लिफायर कुठाय?"

पॅसिव्ह म्हणजे, त्याने समजावलं, यांना स्वतःची ताकद नसते. बाहेरून कोणीतरी रेटावं लागतं. अ‍ॅम्प्लिफायर रेटतो, मग हे वाजतात. जन्म गेला माझा मुलांना कर्मणी प्रयोग शिकवण्यात, आणि घरात चालून आलेले दोन कर्मणी स्पीकर मला ओळखता आले नाहीत.

शिवाय बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फमध्ये ठेवायचे नसतात म्हणे. कप्प्यात आवाज कोंडतो. मोकळ्यावर ठेवायचे, भिंतीपासून हातभर पुढे. मग नाव तसं का? ते नुसतं आकारावरून. ठीक आहे. उद्या कोणी सांगेल की जेवणाच्या टेबलावर जेवायचं नसतं. आमच्याकडे तरी खरंच आहे ते. तिथे सध्या व्याकरण आहे.

तो गेल्यावर नवऱ्याला विचारलं, तुला ठाऊक होतं का हे? अ‍ॅम्प्लिफायरचं, कप्प्याचं?

"हो."

मग बोलला का नाहीस, म्हटलं. खांदे उडवले. तू रमली होतीस, म्हणाला.

स्पीकर खाली काढले आणि संतापाने व्याकरण परत कप्प्यात कोंबलं. सगळं उलटं बसलं. राहू दे तसंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

कानांचा विषय काढला. 'जाऊ.'

११ फेब्रुवारी, बुधवार

सर्वज्ञाने त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. हवे तितके दिवस ठेवा म्हणाला. सोबत सूचना मोफत : स्पीकर कानांच्या उंचीवर हवेत, थोडे आत वळवलेले. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा त्रिकोण जमला पाहिजे. आमच्या घरात ऐकणारा हाच कोपरा वादग्रस्त आहे, हे त्याला सांगितलं नाही. वायरी जोडून द्यायलाही तयार होता. मी नको म्हटलं. घरात ध्वनितज्ज्ञ बसलेला असताना बाहेरून माणूस कशाला? तज्ज्ञ खिडकीबाहेर बघत होता.

स्वयंपाकघरातली दोन स्टुलं आणली. वर स्पीकर. सुरीने वायरी सोलल्या. बोट कापलं. तारा पिळून खुंट्यांत घातल्या, घट्ट आवळल्या. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागला. फोन त्याला ब्लूटूथने जोडला आणि एका बाईचं गाणं लावलं.

वाजलं! माझ्या हातून! सबंध खोली भरली. मी भांड्यांच्या कपाटापासून बाल्कनीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, सगळीकडून ऐकून आले. मग तो खुर्चीतून उठला आणि सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"छान," म्हणाला.

संध्याकाळ होईपर्यंत ऐकत होतो. कितीतरी दिवसांनी शेजारी बसला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही ऐकलं. बाई जरा लांबून गातेय असं वाटतं. तिची मर्जी.

१५ फेब्रुवारी, रविवार

सर्वज्ञ तपासणीला आला. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे उभा राहिला, डोळे मिटले. चेहरा असा, जणू दाढेत भलंमोठं भोक सापडलंय.

"वहिनी, गाणारी बाई कुठे आहे?"

मी दोन्ही स्टुलांकडे बोट दाखवलं. नाही, म्हणाला, ती मधोमध दिसायला हवी, इथे, माझ्यासमोर. ही तर भिंतींतून गातेय. आणि खालचा भरदार आवाज गेला कुठे? मागे वाकून पाहिलं. एका स्पीकरची जोडणी उलटी. लाल खुंटीत जायची ती तार काळ्यात, काळ्यातली लालमध्ये. एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मधल्यामधे आवाज खलास.

ओळखायचं कसं, तर एका तारेवर बारीक लाल रेघ असते. ती मी पाहिली होती. पण लाल रेघ म्हणजे चूक, एवढंच मला माहीत. आयुष्यभर तीच ओढत आलेय. चुकीची तार लाल खुंटीत कशी घालायची? एका ठिकाणी काळ्यात घातली. दुसऱ्या ठिकाणी विसरले, तिथे बरोबर लागली.

सर्वज्ञ खूप हसला. हसता हसता नवऱ्याकडे वळला.

"अरे, तुला कळलं नाही? तुला?"

"नाही," तो म्हणाला.

सर्वज्ञाला अचानक एक रुग्ण आठवला. रविवारी.

मी तार सोडवून नीट लावली. बाई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. गाण्यातलं मला ढिम्म कळत नाही, मलासुद्धा कळलं. त्याने मान वर केली नाही.

हा माणूस पलीकडच्या खोलीतून सांगायचा – नळ नीट बंद झालेला नाही. भाषणं ऐकताना सांगायचा, वक्त्याचा वरचा दात नवा आहे. लेक लहान असताना ती रडण्याआधी उठायचा. आणि चार दिवस उलट्या तारेसमोर बसून 'छान' म्हणत होता.

म्हणजे कान गेले. मॅनेजरला हेच हवं होतं, मिळालं. आता हा रोज घरी. दिवसभर. माझ्यासमोर. वाचायला चष्मा, ऐकायला यंत्र, बोलायला 'जाऊ'. आमचा संसार आता सगळा सुट्या भागांवर चालणार.

असं लिहिलं की बरं वाटतं. पण नाटक उतरल्यावर तो घरी यायचा, बूट काढता काढता सांगायचा – आज तिसऱ्या अंकात शांतता कशी पडली होती. शांतता! तिच्याबद्दल अर्धा अर्धा तास बोलायचा. मी पेपर तपासत हूं हूं करायचे. ते आता कोण सांगणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. मीच. बुधवारची. त्याला सांगितलं. बरं, म्हणाला. वाद घालायची मी चांगली तयारी केली होती, फुकट गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आलो.

काचेची बंद खोली. आत हा, कानांवर ते जाडजूड बोळे, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. मी काचेबाहेर. तपासणाऱ्या मुलीने त्याला दोनदा सांगितलं, काका, ऐकू आलं की लगेच दाबा, थांबू नका. मी मनात म्हटलं, पोरी, बिचाऱ्याला ऐकूच येत नाहीये.

आणि डॉक्टर म्हणतो, कान उत्तम! वयाच्या मानाने का, विचारलं. कुठल्याही मानाने, म्हणाला. कागदावर रेषा काढून दाखवली – सरळ, ठाम, माझ्या हस्ताक्षरापेक्षा कितीतरी बरी.

मी तिथेच मोठ्याने हसले. बाहेर येऊन लेकीला फोन. मग सर्वज्ञाला, मुद्दाम. नवऱ्याला म्हटलं, मॅनेजरच्या तोंडावर रिपोर्ट मार. त्याआधी दाढी कर.

राहता राहिली उलटी तार. तो रुसवा असणार, दुसरं काय? माहेरची माणसं बरोबर सांगायची – पुरुषांना घरातल्या कामासाठी वेगळे कान असतात. नळ गळतो तो ऐकू येतो, बायको राबते ती नाही. उत्तम कानांचा हा असा उपयोग.

फक्त एक. रिपोर्ट हातात घेऊन तो असा बघत होता, जणू नापास झालाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट द्यायला निघाला. एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून तसाच बसून राहिला. मी म्हटलं, उशीर होतोय.

"शिट्टी ऐकू आली होती मला," म्हणाला. "पहिल्यापासून. पट्टी समोर होती, बोट पट्टीवर होतं. ओढावीशी वाटली नाही."

आणि मी इतके दिवस त्याचे कान तपासत होते.