अर्ध्या आट्याचा घोळ

चि. बेलिसारिओ,

नाही, तू पाठवलेला पंप मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलेला नाही. तू विचारलं नाहीस, पण ह्यूस्टनमध्ये बसून तुझ्या मनात तेच येत असणार. गुडघा कसा आहे तुझा? माझे दोन्ही बरे आहेत. झाली चौकशी.

पंप दिसायला छान आहे (इतका लाल कशाला, ते कळलं नाही). बसवायला शेजारच्या फेर्मिनला बोलावलं. चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढलेला माणूस. रेल्वे बंद पडली, पण त्याची रेल्वेची टोपी काही डोक्यावरून उतरली नाही. त्याच्या मते जगात नळीचे आटे एकाच जातीचे, रेल्वेचे. त्याने विहिरीवरची आपली एक इंची नळी पंपाच्या तोंडात घातली, ती तीन फेरे लोण्यासारखी आत गेली आणि तिथंच घट्ट झाली. "अगं, बसली!" म्हणाला. मी म्हटलं, "बसली की अडकली?" तर म्हणे, "नळीला विचार." मग सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून तो त्याला लटकला (वय एकोणऐंशी). चालू केल्यावर पाणी टाकी सोडून सगळीकडे गेलं. फेर्मिनच्या टोपीत, माझ्या ‘माते’ चहाच्या पेल्यात, वाळत घातलेल्या चादरींवर. गाई लांबून बघत होत्या, तहानलेल्याच.

मग सगळं पिशवीत घालून गावात ओताव्हिओच्या दुकानात गेले. त्याने आटे मोजायची दातांची पट्टी लावून बघितलं आणि डॉक्टरासारखा चेहरा केला. "बाई, नळी इंग्रजी, पंप अमेरिकन. एका इंचात इंग्रजांचे अकरा आटे, अमेरिकनांचे साडेअकरा. दोन-तीन फेरे गोडीत जातात, मग जुंपते." मी म्हटलं, "अर्ध्या आट्यासाठी?" "आट्यांच्या दातांचा कोनही वेगळा असतो." म्हणजे दोघांनी आधी ठरवूनच भांडण ठेवलंय.

आपल्याकडं इंग्रजीच असणार म्हणा. रेल्वे त्यांनी बांधली, आणि बाबांनी नळ्या त्यांच्याच भंगारातून उचलल्या. आठवतं का रे, बाबा आटे पाडायचा डाय फिरवायचे, मी नळी धरायची, तू तेल सोडायचास? गरम किसाच्या कुरळ्या पडायच्या, त्या तू खिशात भरायचास, आणि आई चड्डी धुताना बोट कापलं की शिव्या बाबांना द्यायची. आटे पाडून झाले की बाबा जोड नुसत्या हातानं फिरवून बघायचे, तेव्हा आपण दोघं वाकून बघायचो. साठ वर्षं झाली, त्यांचा एक जोड अजून गळला नाही. परवा विहिरीपाशी वाकले तर त्याच तेलाचा वास आला (फेर्मिनच्या अंगाचा असेल).

तर असं आहे. पाणी खेचणाऱ्या पवनचक्कीचा दांडा मोडलाय, चौदा गाई, आपल्याकडचं जानेवारीचं भर उन्हाळ्यातलं ऊन, आणि मी या वयात बादल्या ओढतेय. फेर्मिनला पुन्हा हात लावू देणार नाही. पंप तू पाठवलास, तूच येऊन बसव.

तुझी ताई,
एउलोजिया

ता. क. ओताव्हिओनं एक जोड दिला. एका तोंडाला इंग्रजी आटे, दुसऱ्याला अमेरिकन, अंगठ्याएवढा आहे. मंगळवारी मीच बसवला. पंप चालतोय, टाकी भरून वाहते, गाई पिऊन झोपल्यात. बादल्या दोनच दिवस ओढल्या.

ता. क. हे वर लिहायला हवं होतं, पण मग तू "बरं झालं" म्हणून चार ओळी पाठवल्या असत्यास आणि तिथंच राहिला असतास. अकरा वर्षं तेच चाललंय.

ता. क. ईस्टरला ये. पंप बघायला नको, तो चालतोय. कशाला, ते विचारू नकोस. यापुढं मी एक अक्षरही लिहिणार नाही.