तिसऱ्या रांगेतली पनवती

पुएर्तो मेंदिएता, सोमवार, दुपार

आदरणीय मावसभाऊ क्लेमेंते,

तुला, तुझ्या मुलीला आणि तिच्या घरातल्या सगळ्यांना माझा आणि इर्माचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बाईया ब्लांकाचा वारा गुडघ्यांना वाईट असं इथे सगळे म्हणतात (तिथे गेलेलं कुणीच नाही, पण म्हणतात). आमचं विचारशील तर इर्माचं ब्लडप्रेशर माझ्यामुळे वर आहे आणि माझं क्लबमुळे. हर्नियाचे टाके भरून आले. बाकी देवाची कृपा, जेवढी या गावाच्या वाट्याला येते तेवढी. चार वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही याचा तुला राग असेल. राग बरोबरच आहे, पण तो जरा बाजूला ठेव, कारण मला सगळं क्रमाने सांगायचं आहे. तिसरीतून शाळा सोडून पिठाच्या गिरणीत पोती शिवायला बसलेल्या माणसाला जेवढा क्रम जमतो, तेवढा मी ठेवतो.

आपल्या गिरणीच्या फुटबॉल क्लबने, आपल्या पिठाळ्यांनी, यंदा काय दिवे लावले ते तू रेडिओवर ऐकलंच असशील. पण रेडिओवर नुसते आकडे कळतात, अपमान कळत नाही. पहिल्या नंबरवर असलेल्या संघाला आपण चार गोल घातले, आपण! आणि दोनच रविवारांनी तळाच्या संघाकडून घरच्या मैदानावर हरलो. त्यांचा गोलकीपर आठवडाभर खाटीकखान्यात काम करतो, आणि गुडघ्याला पट्टी बांधून आला होता. आपल्या नऊ नंबरवाल्याने चेंडू थेट त्या पट्टीवर मारला, दोनदा! वाईट संघाचं एक बरं असतं, माणूस त्याच्यावर जीव लावत नाही. चांगल्या संघाचं तर काही सांगायलाच नको. पण हा आपला क्लब म्हणजे, एका रविवारी जेवायला वाढतो आणि दुसऱ्या रविवारी ताट ओढून घेतो. बावन्न वर्षं मी त्या लाकडी स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसतोय. पाठीला त्या खांबाचा आकार आलाय. (डॉक्टर म्हणतात वयामुळे. त्यांना फुटबॉल कळत नाही.)

आता चार गोलांचा तो सामना मी पाहिला नाही. मी इस्पितळात होतो, पोटाला ताजे टाके, आणि नर्सने निकाल सांगितल्यावर असा ओरडलो की त्यातला एक उसवला. नंतर इर्माच्या बहिणीच्या अंत्यविधीला रोसारियोला जावं लागलं, त्या दिवशीही जिंकलो. तिसऱ्या वेळी शिळ्या सॉसेजने पोट बिघडलं आणि मी घरातल्या त्या छोट्या खोलीतून बाहेरच येऊ शकलो नाही, तेव्हा तीन-शून्य. मला यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की माझं नशीब किती फुटकं, चांगले सामनेच नेमके हुकतात.

पण लोकांच्या मनात वेगळं आलं. आधी माझ्या लक्षात आलं की मला कुणी नावाने हाक मारत नाही. बेकरीवाला गाउना, जो जन्मभर "या एवारिस्तोशेठ, काय देऊ?" म्हणायचा, तो "या, काय देऊ?" म्हणायला लागला. मग पाहिलं तर मी रस्त्याने निघालो की बायका क्रॉस काढतात आणि पुरुषांचा डावा हात खिशात जातो. तुला सांगायला नको, आपल्याकडे पनवती दिसली की पुरुषाने खिशातून डाव्या बाजूचं जे चाचपून घ्यायचं असतं ते चाचपतात, आणि तिचं नाव तोंडातून काढत नाहीत. मी मागे वळून बघायचो, कोण आलाय बुवा एवढा पनवती? मागे कुणी नसायचं.

शेवटच्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारी दोघं घरी आले. एक गाउना, आणि दुसरा औषधवाला स्काराफिया, जो अजूनही क्लबचा अध्यक्ष आहे. गाउनाने गोड पावांचा ट्रे आणला होता. पण डावा हात खिशात असल्यामुळे ट्रे एकाच हातावर होता, आणि दारातच निम्मे पाव कोंबड्यांना मिळाले.

"बसा," मी म्हटलं.

"नको, उभेच बरे," स्काराफिया म्हणाला. "हे बघा गृहस्थ..."

गृहस्थ! याच्या बापाच्या खांद्याला खांदा लावून मी क्लबची शेड बांधायला मदत केली, आणि मी गृहस्थ!

"एवारिस्तो नाव आहे त्यांचं," इर्मा आतून ओरडली. "घ्या की तोंडातून, दात पडणार नाहीत."

दोघांचेही हात खिशात आणखी खोल गेले. "इर्माबाई, हात जोडतो," गाउना म्हणाला (जोडले नाहीत, एक गुंतला होता), "पुन्हा नको. आम्ही काही म्हणत नाही हो. हा तक्ता म्हणतो." आणि त्याने कागद काढला. यंदा घरचे दहा सामने. मी हजर सात, त्यात हार सहा, बरोबरी एक. मी गैरहजर तीन, तिन्ही जिंकलो.

"अरे, माझ्या मागेपुढे दोनशे माणसं असतात," मी म्हटलं. "त्यांच्यातला एखादा नसेल कशावरून?"

"ती माणसं त्या तिन्ही वेळी पण होती," स्काराफिया म्हणाला. "रविवारी रेल्वेवाल्यांशी सामना आहे. हरलो तर खालच्या विभागात जाऊ. एकच रविवार घरी बसा. क्लबसाठी."

"आणि जिंकलात तर?"

गाउनाने तो कागद टेबलावर ठेवला. मग गाउना हळूच म्हणाला, "मग पुढेही घरी बसायला तुम्हाला स्वतःलाच आवडेल."

ते गेल्यावर मी तो तक्ता हातात घेऊन बसलो, आणि क्लेमेंते, मला तू आठवलास. चार वर्षांपूर्वी असाच तक्ता मी केला होता, कॅलेंडरच्या पाठीवर, तुझ्यावर. आठ सामने, आठही वेळा तू माझ्या उजव्या हाताला बसलेला, आणि आठही वेळा हार. त्या आठही वेळा मी तुझ्या डाव्या हाताला बसलो होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. तुझी बायको जाऊन तीन महिने झाले होते. तो तक्ता मी स्काराफियाच्या हातात दिला, त्याला तुझ्या घरी पाठवलं, आणि स्वतः कोपऱ्यावर झाडाआड उभा राहून बघत होतो. तू दार उघडलंस, ऐकून घेतलंस, मान हलवलीस. गावात म्हणाले, मुलीकडे राहायला गेला. मी पण तेच म्हणालो. तू गेल्यावर आपण ओळीने पाच सामने जिंकलो आणि मी छाती काढून फिरलो. मग नऊ हरलो, तेव्हा मी दुसरीकडे बघायला शिकलो. त्यानंतर तुझा विषय निघाला की मी "तो" म्हणायचो आणि माझाही हात खिशात जायचा. आज चार वर्षांनी पहिल्यांदा तुझं नाव लिहिलं. वर बघ, पहिल्याच ओळीत आहे. लिहिताना डावा हात टेबलावर होता, इर्मा साक्षीला आहे.

तर काल मी घरी बसलो. असा रविवार शत्रूवरही येऊ नये. रेडिओ लावायचा नाही असं ठरवलं, कारण ऐकणं म्हणजे हजर असणं की नाही हे कमिटीने सांगितलं नव्हतं. घर मैदानापासून तीन गल्ल्यांवर, आरोळी आली की खिडकीच्या काचा थरथरतात. आणि मी कडू माते चहा पीत (तिसऱ्यांदा पाणी उकळून वाया घालवलं) विचार करत होतो की देवाकडे मागू काय? पिठाळे जिंकले तर मी पनवती ठरतो, तो खांब संपला, मेल्यावर शवपेटीसुद्धा मैदानाच्या मागून नेतील. हरले तर मी निर्दोष, आणि त्या निर्दोषपणाचं खालच्या विभागात मी काय करू? मी मेणबत्ती लावली आणि कुणासाठी ते संताला सांगितलंच नाही. पहिल्या अर्ध्यात एक आरोळी आली, आपली. दुसऱ्या अर्ध्यात शांतता पसरली. ती शांतता मी बावन्न वर्षं ओळखतो. एक-एक! माझं पाप-पुण्य ठरवायचं होतं, तेवढंसुद्धा या क्लबला धड जमलं नाही.

आता गुण सारखे झाल्यामुळे येत्या रविवारी बंदरवाल्यांशी एक जादा सामना आहे. नाणं उडवलं, तर मैदान आपल्याला मिळालं. जो हरेल तो खाली. आणि बरोबरीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी कमिटीला ठणकावून सांगितलं. मी हजर नव्हतो, आणि तरी जिंकले नाहीत! त्यांना ते पटलं आहे, निदान खिशातले हात थोडे वर आले आहेत.

तू तुझी तब्येत सांभाळ. मुलीला आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा. माझ्याकडून झालं गेलं, त्याबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही. वर जे लिहिलं आहे त्यातच ते समज.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. गुरुवारी रात्री बाईया ब्लांकाहून बस सुटते, तिने ये. मी आज सकाळी कमिटीला एक गोष्ट पटवली. शाळेतल्या नेलीबाईंनी मला सांगितलं होतं, की गणितात दोन उणे एकत्र आले की अधिक होतं. स्काराफिया विचारात पडला, गाउनाने कागदावर एक आडवी रेघ काढली, दुसरी तिच्यावर उभी काढून पाहिली, आणि म्हणाला, "खरंच की!" ठराव झाला आहे: तिसऱ्या रांगेत तू आणि मी, दोघंही, चिकटून. एकटा कुणी आला तर फाटक बंद. तेव्हा मला आत बसायचं असेल तर तू हवास. हे मी क्लबसाठी म्हणतोय असं वाटलं तर वाटू दे.

ता. क. दुसरं. तू येणारच असशील तर खरं सांगून ठेवतो. काल दुसऱ्या अर्ध्यात मला राहवलं नाही. गाउना सामन्याला गेला होता, म्हणून मी त्याच्या बेकरीच्या छपरावर चढलो. चिमणीआडून डोकं वर काढलं, मैदान दिसलं, आपला नऊ नंबर दिसला, आणि त्याच क्षणी त्यांनी बरोबरीचा गोल केला. मी लगेच डोकं खाली घेतलं, पण उशीर झाला होता. हे इर्मालाही माहीत नाही. क्लेमेंते, तुझ्या दारात तो तक्ता आला तेव्हा तुला जे वाटलं असेल, ते मला छपरावर वाटलं.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी नेलीबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, दोन उण्यांचं अधिक होतं ते गुणाकारात. शेजारी शेजारी बसणं ही बेरीज झाली, आणि बेरजेत दोन उणी मिळून आणखी मोठं उणं होतं. मी त्यांना विनवलं आहे, की रविवारपर्यंत त्यांनी स्काराफियाच्या औषधांच्या दुकानात पाऊल टाकू नये. पण त्यांना खोकला झाला आहे आणि तो वाढतो आहे, तेव्हा गुरुवारची नको, बुधवारचीच बस पकड.